चौक आणि चव्हाटा

विद्यार्थ्यांचा असो, शेतकऱ्यांचा असो की शिक्षकांचा असो, मोर्चा म्हटला की त्याची जमवाजमव क्रांती चौकात, हे आपल्या शहरात जणू ठरूनच गेले आहे. १८५७ च्या उठावात येथल्या छावणीतील जे शिपाई सामील झाले, त्यांना याच परिसरात देहदंड देण्यात आला. त्या जागेला लोक काळा चबुतरा म्हणत. आज तेथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, उड्डाणपूल आहे, आणि दिवसभर रिक्षांची व क्लासला निघालेल्या मुलामुलींची वर्दळ आहे. ज्याला काही मागायचे आहे, ज्याला कशाचा निषेध करायचा आहे, तो या चौकात येऊन उभा राहतो.

मी पाहिलेला पहिला मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ चा. मी तेव्हा सहावीत होते. आत्याने हात धरून नेले होते. त्याआधी १३ जुलैला अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) कोपर्डी गावी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता, त्याच्या निषेधाचा हा मराठा क्रांती मूक मोर्चा होता. पुढे राज्यभर असे पन्नासहून अधिक मोर्चे निघाले, त्यांतला पहिला आपल्या क्रांती चौकातला. घोषणा नव्हत्या. मुली पुढे, बाया त्यांच्यामागे, पुरुष त्यांच्याही मागे. इतकी माणसे एकत्र असून केवळ चपलांचा आवाज ऐकू येतो, हे मी त्या दिवशी प्रथम अनुभवले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या विशेष न्यायालयाने तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली.

त्या मोर्च्यांच्या मागण्यांत आरक्षण आले, ॲट्रॉसिटी कायदा आला, आणि त्यांवर आपल्या मराठवाड्यात आजही तीव्र मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचा माझा विचार नाही. परंतु समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला जे घडले त्यासाठी दलित समाज रस्त्यावर आला. कोपर्डीसाठी मराठा समाज रस्त्यावर आला. म्हणजे अत्याचार झालेली बाई आधी 'आमची' ठरावी लागते, अत्याचार करणारा 'त्यांच्यातला' असावा लागतो, तेव्हा चौक भरतो. मग मारणारा हात आमच्यातलाच, किंबहुना आमच्या घरातलाच असेल तर? अशा बाईसाठी कोणता समाज क्रांती चौकात येणार? तिचा समाज तर तिला गप्प बसवण्याच्या कामात गुंतलेला असतो.

आपल्या भाषेत यासाठी मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. घरातली गोष्ट बाहेर सांगितली की 'चव्हाट्यावर आणली' म्हणतात. चव्हाटा म्हणजे काय? चार वाटा जेथे मिळतात ती जागा, अर्थात चौक! बाहेरच्याने केलेला अन्याय चौकात न्यायचा, यात शौर्य आहे; घरच्याने केलेला अन्याय चव्हाट्यावर न्यायचा, यात बेअब्रू आहे. जागा एकच, शब्द मात्र दोन. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या मुठीत कुणाचे केस धरलेले आहेत हे पाहत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी आपण नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. चारांतली एक. ज्या वर्गात बसून आपण हा अंक वाचत असाल तेथे चाळीस जण असतील, तर दहा जणांच्या आयांचा प्रश्न झाला. याच सर्वेक्षणातील देशपातळीवरचा दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडेही मदत मागितली नाही आणि कोणाला काही सांगितलेही नाही. मदत मागितली ती अवघ्या १४ टक्क्यांनी, आणि त्यांतही बहुतेक जणी गेल्या त्या माहेरच्या माणसांकडे. पोलिसांपर्यंत पोहोचल्या त्या फारच थोड्या. बलात्काराच्या बाबतीतही अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड ही आपल्या मनातली प्रतिमा खरी नाही. गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी हेच सांगते की, नोंदलेल्या प्रकरणांत शंभरातले नव्वदाहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात.

तेव्हा प्रश्न असा की ती पहिल्यांदा बोलते कोणाशी, आणि ऐकणारा काय करतो? जागृती जागृती म्हणून आपण जे म्हणतो, त्याची खरी कसोटी मला या एका ठिकाणी दिसते. आणि तिचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या बीडला जावे लागते.

मंजुश्री सारडा ही बीडची मुलगी. ११ फेब्रुवारी १९८२ ला तिचे लग्न झाले आणि ती पुण्याला नांदायला गेली. चार महिने उलटतात तोच, ११ जूनच्या रात्री, सासरच्या घरी तिचा मृत्यू झाला. पोटात पोटॅशियम सायनाइड गेले होते. या चार महिन्यांत तिने बीडला आपल्या बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. नवऱ्याकडून होणारी उपेक्षा, एकटेपण, मनाची घालमेल, असे त्यांत होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. खून निर्विवाद सिद्ध होत नाही, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, संशयाचा फायदा आरोपीला, असा तो निकाल. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर कोणत्या पाच कसोट्या उतरल्या पाहिजेत, हे त्यात सांगितले आहे, आणि भारतातील न्यायालये आजही जवळजवळ रोज त्याचा आधार घेतात. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला आणि तो संपला असेच मानले पाहिजे.

पण त्या निकालात त्या पत्रांचा जो ऊहापोह आहे तो आमच्या वयाच्या कुणीही वाचावा असा आहे. मरण्यापूर्वी लिहिलेली पत्रे पुराव्यात घेता येतात काय, यावर खुद्द न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्यायमूर्ती फजल अली यांनी ती ग्राह्य धरली. परंतु पत्रांतून दिसणारी तिची खिन्नता हीच आत्महत्येच्या शक्यतेकडे बोट दाखवणारी ठरली. जिवंतपणी लिहिलेले दुःख मेल्यावर दोन्ही बाजूंनी वाचता येते! ज्या दोघींना ती पत्रे आली त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९८२ साली त्यांनी काय करायचे होते? नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेली क्रूरता हा वेगळा गुन्हा मानणारे ४९८-अ हे कलम आले १९८३ च्या अखेरीस. संरक्षण अधिकारी नव्हता, हेल्पलाइन नव्हती. होते ते टपाल, आणि टपालाने येणारे धीराचे शब्द.

मंजुश्रीच्या मृत्यूने पुणे हादरले. त्याच वर्षी विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचाची स्थापना केली. 'मी एक मंजुश्री' या नावाचे प्रदर्शन त्यांनी गावोगाव नेले. पुढे याच संस्थेने पीडित स्त्रियांसाठी जे केंद्र काढले त्याचे नाव 'बोलते व्हा' असे ठेवले. त्याच सुमारास, १९८३ साली, ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणण्याचे काम या मंडळींनी अक्षरशः केले, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

आता माझी गोष्ट. ती न सांगता हा लेख लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बारावीपर्यंत माझ्याबरोबर एकाच बाकावर बसणारी एक मैत्रीण होती. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. नाव, गाव सांगत नाही. दिवाळीच्या आधी एका रात्री साडेदहाच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज दबका होता, बहुधा गच्चीवरून बोलत होती. "अगं, हे हात उचलतात," एवढेच म्हणाली. मी काय म्हणावे? मी म्हणाले, "सुरुवातीला होतं गं असं. तू जरा सांभाळून घे. आणि आईला एवढ्यात काही सांगू नकोस, उगाच टेन्शन घेतील." हे शब्द माझे नव्हते. ते मी कोठे तरी ऐकलेले होते, बहुधा आमच्याच स्वयंपाकघरात, आणि ते माझ्या तोंडून असे बाहेर पडले की जणू पाठ केलेले. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर सव्वा वर्ष तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. खरे सांगायचे तर, ती सुखात असेल असे मानणे मला सोयीचे होते.

त्या ७७ टक्क्यांत माझी मैत्रीण नव्हती. तिने सांगितले होते. ती परत गप्प झाली ती माझ्यामुळे.

मग वाटू लागले की त्या वेळी मला काय ठाऊक असायला हवे होते? द्वितीय वर्षाच्या सुट्टीत ग्रंथालयात बसून मी कायदे वाचले, एका वकील ताईंकडून समजून घेतले, त्यातले थोडे येथे मांडते. कायदा म्हटला की पोलीस, अटक, कोर्ट, संसार मोडला, अशी साखळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, तो नेमकी ही साखळी तोडण्यासाठी आहे. हा मूलतः शिक्षा देणारा कायदा नाही, संरक्षण देणारा आहे. त्याखाली बाई दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून असे मागू शकते की, याने मला मारू नये. याने मला घराबाहेर काढू नये. मला व मुलांना खर्च द्यावा. मुलांचा ताबा तात्पुरता माझ्याकडे असावा. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो, आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, ज्या घरात ती नांदली तेथे राहण्याचा तिला हक्क आहे, हे या कायद्याने प्रथम स्पष्ट म्हटले. आपल्याकडे "नीघ माझ्या घरातून" हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, याचा विचार केला म्हणजे या एका कलमाचे मोल कळते.

हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हेही हा कायदा सांगतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे तिचे प्रकार त्यात धरले आहेत. पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, मुलगा झाला नाही म्हणून टोचून बोलणे हेही त्यात येते. केवळ बायकोच नव्हे तर आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नाविना एकत्र राहणारी स्त्री, याही दाद मागू शकतात. कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे. राजाने छळले, नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. पावसाचे सांगता येत नाही, पण मधल्याविरुद्ध दाद मागायची जागा आता आहे.

या कामासाठी शासनाने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बाईची हकीकत ऐकून घरगुती घटनेचा अहवाल तयार करणे, तिला मोफत कायदेशीर मदत, दवाखाना, निवारा मिळवून देणे, अर्ज दंडाधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणे ही त्यांची कामे. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे कोर्टाच्या आवारात अर्धा दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कायदा चांगला आणि अंमल दुबळा ही आपली जुनी रीत. तरीसुद्धा मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते त्यातले चौथे कलम. ते बाईसाठी नसून ऐकणाऱ्यासाठी आहे. हिंसा घडली आहे, घडते आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्या कोणाला सकारण वाटते, तो संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवल्याबद्दल त्याच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, वर्गमैत्रीण, प्राध्यापक, घरमालकीण, कोणीही. म्हणजे "आपण कशाला मध्ये पडा" या आपल्या आवडत्या सबबीची कायद्याने वीस वर्षांपूर्वीच वासलात लावली आहे. अर्थात बाईला न विचारता परस्पर कळवू नये, जिवावर बेतले असेल तर गोष्ट वेगळी, असे त्या वकील ताईंनी बजावले.

फौजदारी बाजूही आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ४९८-अ आता ८५ वे कलम झाले आहे आणि हुंडाबळीचे ८० वे. एक गोष्ट मात्र नव्या संहितेतही जुनीच राहिली. पत्नी १८ वर्षांची असेल तर पतीने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. या अपवादाचे समर्थन करणारे म्हणतात की विवाहसंस्था धोक्यात येईल. ज्या संस्थेला टिकण्यासाठी एवढी सूट लागते तिच्याविषयी काय बोलावे? पण याचा अर्थ अशा पत्नीला काहीच वाट नाही असा नव्हे. २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, आणि त्याखाली ती संरक्षण मागू शकते. हे फार जणींना माहीत नसते.

ऐकणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक खोल रुजलेली समजूत आहे. ती ओरडली का नाही? तेव्हाच का नाही बोलली? या प्रश्नालाही महाराष्ट्राचाच इतिहास आहे. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी धरले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती असावी! भर रात्री, पोलीस ठाण्यात, पोलिसांपुढे तिने कोणाच्या नावाने ओरडायचे होते? सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यातच लिहिले गेले की, केवळ शरीराने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. चार प्राध्यापक आणि एक पत्र! आपल्या गुरुजनांनी हे लक्षात घ्यावे, अशी नम्र विनंती आहे.

आता महाविद्यालयाकडे येऊ. विशाखा निकाल १९९७ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, आणि त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी केलेले विनियम २०१५ चे, ते लागू झाले २०१६ मध्ये. त्यांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, सदस्यांत निम्म्याहून कमी स्त्रिया असता कामा नयेत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी नव्वद दिवसांत. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, याची या विनियमांत दखल आहे.

एका महाविद्यालयात या समितीचा फलक मी पाहिला. जिन्याच्या वळणावर, सायकलस्टँडच्या नियमांखाली. त्यावरील दोन सदस्य केव्हाच निवृत्त झाले होते. तेथल्या मुलींना विचारले तर बहुतेक जणी म्हणाल्या की, समिती आहे होय? नियमाने आवश्यक म्हणून फलक लावायचा आणि अहवालात शून्य तक्रारी लिहायच्या, ही शून्याची आपल्याला मोठी प्रौढी वाटते. मला ती शंकास्पद वाटते. जेथे कोणी सांगतच नाही तेथे शून्यच येणार.

येथे काही मित्र हमखास खोट्या तक्रारींचा मुद्दा काढतात. वादविवाद स्पर्धेत हा मुद्दा टाळ्या घेतो, हे मी पाहिले आहे. खोटी तक्रार होऊ शकते, हे मला मान्य आहे. कायद्यालाही मान्य आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास २०१३ च्या कायद्यात कारवाईची तरतूद आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. खरे-खोटे ठरवणे हे समितीचे, पोलिसांचे, न्यायालयाचे काम. मैत्रिणीने रात्री साडेदहाला फोन केला असता ते काम आपल्याकडे आलेले नसते. आपल्याकडे आलेले असते ते फक्त ऐकण्याचे काम.

आणि ते कसे करावे? मला आता जे उमगले ते असे. प्रथम, "तू काय केलंस म्हणून?" हे विचारू नये. "तू आत्ता सुरक्षित आहेस का?" हे विचारावे. तिने सांगितलेले खरे मानून ऐकावे. लगेच निर्णयाची घाई तिच्यावर लादू नये; नवरा सोडावा की राहावे हे ती ठरवील, आपण नव्हे. बाया अनेकदा परत जातात, पुन्हा फोन करतात, पुन्हा जातात. तेव्हा "मी तुला सांगितलं होतं" म्हणू नये. कागदपत्रे, थोडे पैसे, एका विश्वासू घराचा पत्ता, हे हाताशी ठेवायला सुचवावे. १८१ हा महिलांच्या मदतीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक तिला पाठ करायला सांगावा, फोनमध्ये नाव घालून ठेवू नये, कारण फोन तपासला जातो. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्यावी, ती पुढे उपयोगी पडते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर तातडीने व मोफत उपचार करणे सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने दवाखान्यातच समुपदेशनाची सोय असावी ही कल्पना रुजवली. केंद्र शासनाची 'सखी' केंद्रे २०१५ पासून सुरू झाली, तेथे दवाखाना, पोलीस, वकील आणि निवारा यांची मदत एका ठिकाणी मिळावी अशी योजना आहे. पोलीस ठाण्यांच्या आवारातील महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष, ज्यांची सुरुवात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत केली, तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात. वर्दीची भीती वाटणाऱ्या बाईला ती जागा बरी.

एक वचन मात्र देऊ नये. सांगणारी १८ वर्षांच्या आतली असेल आणि गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल, तर "मी कोणालाही सांगणार नाही" असे म्हणता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे. हे तिला आधीच, प्रेमाने सांगितले पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या सरांना आणि बाईंना याची जाणीव असेलच.

गेल्या वर्षी जानेवारीत मी तिला फोन केला. सव्वा वर्षाने. बराच वेळ दोघी उगीच परीक्षांबद्दल बोलत राहिलो. मग मी म्हणाले की त्या दिवशी मी चुकीचं बोलले. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. नंतर ती म्हणाली, "तू काय, सगळेच तसं म्हणाले." तिने आईला सांगितले होते, मामाला सांगितले होते, सासरच्या एका नणंदेलासुद्धा सांगितले होते. मी पहिली होते एवढेच. त्या फोननंतर चौथ्या महिन्यात ती माहेरी आली, आणि तिच्या आईबरोबर आम्ही दोघी संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. दोन वेळा कुलूप होते. तिसऱ्या वेळी भेट झाली, अहवाल लिहिला गेला, अर्ज दाखल झाला. तीन दिवसांची पहिली तारीख सदतिसाव्या दिवशी लागली. खर्चाचा अंतरिम आदेश झाला आहे, पैसे एक महिना येतात, दोन महिने येत नाहीत. ती मुक्त विद्यापीठातून बी. ए.च्या पहिल्या वर्षाला बसली आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारले. नाव घालायचे नाही या अटीवर ती हो म्हणाली. अंक कधी निघणार, असे विचारून म्हणाली, "एक प्रत मला पाठव. पण माहेरच्या पत्त्यावर पाठव हं, आणि पाकिटावर माझं पूर्वीचं नाव लिही."